आयुधपूजेतला लॅपटॉप

आयुधं पूजेला बसली की मोहित्यांच्या घरात कुणाच्याच हाताला काम उरत नाही, आणि हाताला काम नसलं की तोंडांना उसंत नसते. मैसूरच्या चामुंडीपुरममधल्या त्या घरात हे दर खंडेनवमीला ठरलेलं. विळी पूजेत, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली. गाड्यांच्या किल्ल्या पूजेत, म्हणून कुणी कुठे जायचं नाही. कायद्याची पुस्तकं पूजेत, म्हणून मानाजीरावांनी अशिलांना येऊ नका म्हणून कळवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होऊन आयुधं उचलेपर्यंत सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. यंदा बघायला प्रार्थनाचं तोंड होतं.

आणि ते तोंड सकाळपासून विचारल्याशिवाय उघडत नव्हतं.

जेवणं उरकली होती. दिवाणखान्यात एका भिंतीला, इकडच्या रीतीप्रमाणे, दसऱ्याच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडलेल्या, समोर चटई, चटईवर माणसं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हेब्बाळहून जानकीआत्या आणि तिचे यजमान उपेंद्र सकाळीच आले होते. उपेंद्र मूळचे साताऱ्याचे, इथल्या कंपनीत येऊन पंधराएक वर्षं झाली, पण सासुरवाडीच्या कानडीमिश्रित मराठीला हसायची त्यांची सवय काही सुटली नव्हती.

"पुन्हा एकदा नीट सांग बघू," उपेंद्र पान जुळवत म्हणाले. "मला अजून कळलेलं नाही. तू वकील होणार आहेस की डोक्याची डॉक्टर?"

"डॉक्टर नाही हो काका." प्रार्थना हे चौथ्यांदा सांगत होती की पाचव्यांदा, तिलाही आठवेना. "माझी डिग्री जोड आहे. कायदा आणि मानसशास्त्र. पाच वर्षांची. तीन झाली. आता मानसशास्त्रात ज्यांचे मार्क चांगले आहेत, प्रॅक्टिकल चांगलं आहे, त्यांना एक वर्ष कायदा थांबवून मानसशास्त्राचं ऑनर्स करता येतं. म्हणजे एक संशोधन करायचं, मॅडमच्या हाताखाली. मग परत येऊन कायद्याची दोन वर्षं."

"आणि तू त्यात बसलीस."

"बसले. पण जागा थोड्या आहेत. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणून मेल करायचा, नाहीतर पुढच्याला देणार."

"आज? नवमीला?"

"मेलला सुट्टी नसते, काका."

कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून एक खाकरणं ऐकू आलं. खुर्चीत नागोजीराव होते. घरातल्या पोरांनी त्यांना कधी आजोबा म्हटलं नाही. शेजारच्या कानडी मुलांचं ऐकून सगळे त्यांना ताताच म्हणत. मैसूरच्या कोर्टात एकेकाळी त्यांचं नाव दोन गोष्टींसाठी होतं, उलटतपासणीसाठी आणि तारखा मागून घेण्यासाठी.

"पण ऑनर्स तर बोर्डावर आहेच की," ताता म्हणाले.

सगळे हसले. बोर्ड खराच होता. प्रार्थनाला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात तातांनी तो रंगवून घेतला होता, निळ्यावर पांढऱ्या अक्षरात तिचं नाव, खाली बी.ए. एलएल.बी. ऑनर्स. पुढच्या खोलीत, म्हणजे ऑफिसात, तो भिंतीकडे तोंड करून टेकवलेला होता. ती वकील झाली की सुलटा करायचा.

"ते वेगळं ऑनर्स, ताता. ते डिग्रीच्या नावातच असतं. हे निराळं आहे."

"हं," ताता म्हणाले आणि पटल्यासारखी मान हलवली.

"बघा!" मानाजीराव उसळले. ते प्रार्थनाचे वडील. आपल्या वडलांना, म्हणजे तातांना, ते अप्पा म्हणत, आणि घरातला प्रत्येक प्रश्न ते न्यायाधीशासमोर असल्यासारखा मांडत. "तीन वर्षं मी जगाला सांगतोय, पोरगी ऑनर्सला आहे म्हणून. आता काय सांगू? आधीचं खोटं होतं, हे खरं? आणि एक वर्ष कशाला म्हणून? अप्पांचं वय काय, माझं ऑफिस कोण बघणार? कोट कधी घालणार?"

कोटाचा विषय निघाला आणि चटईवरचं हसू ओसरलं. या घरात नव्या वकिलाला काळा कोट घरातला थोरला वकील आपल्या हातांनी घालतो. तातांना त्यांच्या वडिलांनी घातला, मानाजीरावांना तातांनी. आता पाळी प्रार्थनाची, आणि घालणारे हात तातांचेच हवेत, हे घरात न बोलता ठरलेलं.

"अण्णा, तू सुम्ने, उगीच, आरडाओरडा करू नको," जानकीआत्या म्हणाली. "एक वर्षाने काय आभाळ कोसळतंय? शिकू दे. मी आहे तिच्या बाजूची. जा ग, मेल कर."

"कशावर करू?" प्रार्थना म्हणाली.

कारण लॅपटॉप पूजेत होता. ऑफिसच्या टेबलावर कायद्याच्या जाड पुस्तकांशेजारी, झाकणावर गंध, कुंकू आणि झेंडूचं फूल. त्याच्या पोटाशी तिचा मोबाइल, त्यालाही कुंकू. आणि पूजेतल्या आयुधाला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही, हा तातांचा कायदा होता. एकदा म्हणे एक अशील स्थगितीचा कागद घेऊन दाराशी रडत बसला होता, तरी त्यांनी लेखणी उचलली नव्हती.

"माझ्या फोनवरून कर," उपेंद्र म्हणाले. "मी काही माझा फोन देवाला दिलेला नाही."

"पासवर्ड लॅपटॉपमध्ये आहे, पाठ नाही. आणि कोड माझ्या फोनवर येतो."

"अरे देवा! आयटीवाल्याच्या भाचीने असं बोलावं? लॅपटॉप पूजेत ठेवायची बुद्धी कुणाला झाली?"

प्रार्थना बाहुल्यांकडे बघत राहिली. बुद्धी तिलाच झाली होती. सकाळी ताता पुस्तकं रचत होते तेव्हा ती आपणहून लॅपटॉप घेऊन गेली होती, शेजारी फोनही ठेवला होता. तेव्हा आपण असं का करतोय हे तिला कळलं नव्हतं. आता कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता. आपण ठरवण्यापेक्षा देवाने ठरवलेलं बरं, असं वाटलं असेल. मानसशास्त्रात पहिली आलेली पोरगी, आणि स्वतःच्या मनातलं एक धड उमगेना.

"पण ऑनर्स तर बोर्डावर आहेच की," ताता पुन्हा म्हणाले.

आता फक्त उपेंद्र हसले. मानाजीरावांनी "अप्पा, सांगितलं की तिने" म्हणून विषय तोडला. जानकीआत्या एकदम उठून पायऱ्यांवरच्या बाहुल्या सरळ करायला लागली, त्या सरळच होत्या. आणि प्रार्थनाने मनातल्या मनात एक आकडा वाढवला.

ती हे दुसऱ्या वर्षापासून मोजत होती. त्या वर्षी प्रॅक्टिकलला प्रत्येकीला एक माणूस हवा होता, ज्याच्यावर प्रयोग करायचा. मैत्रिणींनी हॉस्टेलमधल्या मुली धरल्या. प्रार्थनाने ताता धरले, कारण त्यांच्याइतकी पक्की स्मरणशक्ती तिने दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती. शब्द वाचून दाखवायचे, मध्ये थोड्या गप्पा मारायच्या, मग ते शब्द परत विचारायचे. तातांनी मजेत सुरुवात केली. परत विचारले तेव्हा त्यांना अगदी थोडे शब्द आठवले. आणि जे यादीत नव्हतेच, असे दोन-तीन त्यांनी छातीठोकपणे सांगितले. मॅडमनी तिच्या कामाचं वर्गात कौतुक केलं होतं. माणूस कोण म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, शेजारचे एक गृहस्थ.

ज्या मार्कांवर ती ऑनर्सला बसली ते मार्क तातांच्या विसरण्याचे होते. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आता ऑनर्सला तिला तेच करायचं होतं, म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं, काय आठवत नाही, आणि कोर्टात त्यांच्या साक्षीचं काय होतं. तातांना जे होतंय ते नीट समजून घ्यायची तिच्यापुढे ही एकच वाट होती. पण त्या वाटेने गेलं तर कोट एक वर्ष पुढे जाणार. तोवर ताता कोट घालतील, पण कुणाला घालतोय हे त्यांना कळेल का? इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये ती लॅपटॉप देवाला देऊन बसलेली.

ताता खुर्चीतून उठले आणि "जरा पडतो" म्हणत ऑफिसाकडे गेले. दुपारची झोप ते तिथल्या बाकावरच काढत. ते आत गेल्याची खात्री झाली तसा मानाजीरावांचा आवाज खाली आला.

"जानकी, तू शहाणपणा सांगू नको. तुला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात अप्पा कोर्टात आले होते, सुम्ने, बसायला म्हणून. तर विरुद्ध बाजूच्या अशिलाशी आपला समजून बोलत बसले. सगळं सांगितलं त्याला. माझी केस कशी लढवणार ते सगळं!"

"त्यांना नावं पहिल्यापासून लक्षात राहत नाहीत," जानकीआत्या झटकन म्हणाली.

"नावं? अग, चेहरा!"

"वय झालं की होतं असं सगळ्यांना. तू उगीच वाढवू नको."

"मी वाढवतोय? म्हणून तर म्हणतो, पोरगी लवकर कोटात आली पाहिजे. अप्पा धड आहेत तोवर."

प्रार्थना वडिलांकडे बघतच राहिली. म्हणजे यांना माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं, नाहीतर ती एवढ्या घाईने बोलली नसती. सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून लपवत होता. मग आपण इतके दिवस एकटीनेच हे ओझं का वाहिलं? तिला राग आला, आणि राग नक्की कुणाचा आला ते मात्र कळेना.

"मी काय म्हणते," आत्या आता समजावणीच्या सुरात आली, "ऑनर्स केलं तर ती वर्षभर मैसूरलाच राहणार, अल्वा, हो ना? कोर्टाची धावपळ नाही. अप्पांकडेही बघेल."

तोवर स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली नागरत्ना, प्रार्थनाची आई, पुढे आली. शाळेत चौथीच्या वर्गाला ती नुसत्या नजरेने गप्प करते, तीच नजर आता नणंदेवर होती.

"बघेल म्हणजे? मी काय करते इथे? अप्पांच्या गोळ्या कोण देतं? परवा ते आपलं घर ओलांडून पुढच्या चौकापर्यंत चालत गेले, कुणी आणलं त्यांना?"

"वहिनी, मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत. पोरीने शिकावं म्हणून नाही, तुमची काळजी मिटावी म्हणून तिने ऑनर्स करावं. मग नकोच ते ऑनर्स. माझी मुलगी कुणाची आया व्हायला शिकत नाही."

"म्हणजे तू माझ्या बाजूने?" मानाजीरावांना आशा वाटली.

"तुमच्याही नाही! तुम्हाला पोरगी हवी की ऑफिसला माणूस हवा, ते आधी ठरवा."

"मैसूरची मराठी भांडताना मात्र एकदम शुद्ध होते," उपेंद्र हळूच म्हणाले, आणि बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की उरलेलं पान त्यांनी तसंच गालात दाबलं.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. आत्या म्हणाली, मीच वाईट. मानाजीराव म्हणाले, या घरात मी बोललो की गुन्हा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि या सगळ्यात ज्या मुलीचं काय करायचं म्हणून वाद चालला होता, तिला काय हवंय हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती उठली आणि ऑफिसात गेली.

तिथे उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. ताता झोपले नव्हते. ते बाकावर बसून पूजेकडे बघत होते.

"भांडण संपलं?"

"नाही, ताता."

"वकिलाचं घर आहे. संपायचं नाही." त्यांनी शेजारी हात थोपटला. ती बसली. "लॅपटॉप तू ठेवलास. मी मागितला नव्हता."

प्रार्थनाने हातातल्या बांगड्या मागे सारल्या.

"तारीख मागून घेतलीस तू," ताता म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही होतं. "देवाच्या कोर्टात. मी आयुष्यभर तेच केलं ग. केस कच्ची असली की तारीख, साक्षीदार फिरला की तारीख. लोक म्हणायचे, नागोजीराव तारखांवर जगतो. पण एक सांगू का, तारीख मागून केस पक्की होत नाही. आपण तेवढे थकतो."

"मला कळतच नाही, ताता, मला काय हवंय ते."

"मग काय कळतं?"

ती बोलायला गेली आणि पदराने डोळे पुसायला लागली. तातांनी घाई केली नाही. साक्षीदार रडला तर थांबायचं असतं, हे त्यांच्या हाडात होतं.

"तू मला एकदा शब्द वाचून दाखवले होतेस," ते जरा वेळाने म्हणाले. "इथेच."

प्रार्थनाने दचकून वर बघितलं. "तुम्हाला आठवतं?"

"शब्द नाही आठवत. एक सुद्धा नाही. पण मी ते परत सांगायला लागलो, तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते आठवतं. चाळीस वर्षं माणसांचे चेहरे वाचले आहेत मी. साक्षीदार तोंडाने काय बोलतो ते नंतर, चेहरा आधी. त्या दिवशी मला कळलं, काहीतरी आहे म्हणून." ते थांबले. "डॉक्टर गोळी देतो, सांगत काही नाही. तुझा बाप लपवतो. जानकी तर ऐकूनच घेत नाही. मला काय होतंय ते मला कुणी सांगत नाही, बाळ. आणि मला भीती वाटते."

तातांना भीती वाटते हे वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने त्यांचा हात धरला. हात गार होता.

"पण कोट?" तिने विचारलं. "एक वर्ष आणखी लागेल. तोवर तुम्ही मला..."

"ओळखीन की नाही, असंच ना?" ताता हसले, अगदी खरं हसले. "नाही ओळखलं तर बोर्ड वाचीन. नाव लिहिलंय की त्यावर. वाचायला मला अजून येतं."

मग ते उठले. टेबलापाशी गेले, हात जोडले, ओठांत काहीतरी पुटपुटले, आणि ज्या माणसाने रडणाऱ्या अशिलासाठी लेखणी उचलली नव्हती त्याने झेंडूच्या फुलासकट लॅपटॉप उचलला आणि नातीच्या मांडीवर आणून ठेवला. वर फोन ठेवला.

"ताता! पूजा!"

"मी उचलला. तू नाही. आणि मी उद्या विसरेन. विसरणाऱ्याला देव दंड करत नाही. हो लिही की नाही लिही, पण तुझ्या हाताने लिही. आणखी तारीख नको."

प्रार्थनाने झाकण उघडलं. गंध वाळून त्याची पूड तिच्या साडीवर सांडली. कोड आला, तिने घातला. मॅडमचं पत्र समोर होतं. दोनदा तिने "नाही" लिहायला सुरुवात केली आणि दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा तिने लिहिलं की मला ही जागा हवी आहे, आणि मला ज्यांच्यावर काम करायचं आहे त्यांच्यात माझे आजोबा आहेत, शेजारचे गृहस्थ नव्हेत. मग डोळे मिटून पाठवून दिलं. बरं वाटेल असं वाटलं होतं. बरं वाटलं नाही. नुसतं हलकं वाटलं, आणि भीती होती तिथेच राहिली.

तिने लॅपटॉप आणि फोन होते तिथे ठेवले. फूल परत झाकणावर ठेवलं, ते घसरून खाली पडलं. तातांनी बाकावर डोळे मिटले होते.

दिवेलागणीला मानाजीराव पूजेपुढे निरांजन लावायला आले. मागोमाग आत्या, उपेंद्र आणि डोळे सुजलेली नागरत्ना. उपेंद्रना राजवाड्याचे दिवे बघायला जायची घाई होती, किल्ल्या पूजेत आहेत हे ते विसरले होते. मानाजीरावांनी काडी ओढली आणि ती हातातच धरून थांबले. लॅपटॉपच्या झाकणावरचं कुंकू फरफटलेलं होतं, फूल जमिनीवर.

"याला कुणी हात लावला?"

काडी विझली.

"अप्पा, तुम्ही इथेच होतात. कुणी उचलला हा?"

तातांनी डोळे उघडले. लॅपटॉपकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, पुन्हा लॅपटॉपकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"कुणी उचलला?" त्यांनीच उलट विचारलं.

प्रार्थना त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नातीला वाचवायला जुना वकील नाटक करतोय, की दुपारचं सगळं खरंच पुसलं गेलं? तिने डोळे पाहिले, ओठ पाहिले, मांडीवरचे हात पाहिले. वर्गात पहिली आलेली ती मुलगी, जिला आताच ऑनर्सची जागा मिळाली होती, तिला ते सांगता येईना.

"मी उचलला, बाबा," ती म्हणाली. "आणि हो म्हणून कळवलं."

मानाजीरावांच्या हातातली विझलेली काडी तशीच राहिली. ते बोलायला लागतील म्हणून सगळे थांबले, पण आधी ताता बोलले.

"हो? कशाला हो म्हणून कळवलंस?"

जानकीआत्याने तोंडाला पदर लावला. यावेळी तिने काही नाकारलं नाही.

प्रार्थना बाकावर तातांच्या शेजारी जाऊन बसली. "सांगते, ताता," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.